बाळाचे श्वास मोजू या

लालबाग-परळच्या चाळीत नवे बाळ आले, की त्याला बघायला सगळा मजला येतो. बाळ धापा टाकते आहे, दूध ओढत नाही, हे कुणाच्या तरी नजरेस येते. वाडिया आणि केईएम ही रुग्णालये जवळच आहेत. तरीही उशीर होऊ शकतो. कारण ताप नाही, खोकला नाही, मग न्यूमोनिया कसा असेल, असे आपल्याला वाटते.

नवजात बाळाला न्यूमोनियात ताप किंवा खोकला येतोच असे नाही. उलट कधी अंग गार पडते. मग ओळखायचे कसे?

फुप्फुसांत हवेच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे वायुकोश असतात. क्लेबसिएला, ई. कोलाय यांसारखे जिवाणू तिथे वाढले, की वायुकोशांत द्रव साठतो आणि फुप्फुस ताठर होते. आपण अशा वेळी जोर लावून खोल श्वास घेऊ. बाळाच्या बरगड्या मात्र मऊ व आडव्या असतात. जोर लावला की छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो. म्हणून ते उथळ, पण भराभर श्वास घेते. बाळ कण्हते, तेही वायुकोश मिटू नयेत म्हणून.

निरोगी नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, तर ती धोक्याची खूण.

ही मोजणी किती मोलाची आहे, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्यांना फार मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन केले : दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. आरोग्यसेवकांनी उपचार केलेल्या पाच वर्षांखालील मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते १३.५ टक्के होते.

आपल्या वर्गातही हे शिकवता येईल. मुलांनी आधी एकमेकांचे श्वास सेकंदकाट्यावर मोजावेत. ज्यांच्या घरी तान्हे भावंड आहे, त्यांनी ते शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहावी. लहान बाळाचा श्वास मधूनच क्षणभर थांबतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजावे. आकडा ६० किंवा वर गेला, तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, छाती आत ओढली जात असली किंवा बाळाने दूध सोडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हे त्यांनी घरी सांगावे.