घरात मऊ पाणी, पण मीठ शिवारात नको

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. ही तक्रार घरोघरची. असे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जादा असते. ज्यांची ऐपत आहे ते मग सॉफ्टनर बसवतात.

या यंत्राच्या टाकीत खसखशीच्या दाण्याएवढे रेझिनचे मणी असतात. त्यांनी सोडियम धरून ठेवलेले असते. जड पाणी त्यातून गेले की मणी कॅल्शियम पकडतात आणि सोडियम सोडतात. धान्य देऊन मीठ घ्यावे, तशी ही अदलाबदल. शास्त्रात तिला आयन विनिमय म्हणतात. मणी कॅल्शियमने भरले की मिठाच्या दाट पाण्याने धुवायचे, की ते परत कामाला तयार.

पण हिशोब पाहा. लिटरमागे 100 मिलिग्रॅम जडपणा घालवला, तर 46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरते. क्षार गेले नाहीत, नुसते बदलले. रक्तदाबाच्या रोग्याने असे पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे. नायट्रेट व फ्लोराईड तर हे यंत्र काढतच नाही.

आता शेताकडे वळू. माती हीसुद्धा या मण्यांसारखीच वागते. इंग्लंडमध्ये 1850 साली थॉम्पसन व वे यांनी ही अदलाबदल प्रथम दाखवली, ती मातीतच. अमोनियाचे खत विरघळवून मातीतून ओतले, तर अमोनिया मातीत राहिला आणि कॅल्शियम खाली निघाले. काळ्या रानात कॅल्शियम आहे तोवर माती भुसभुशीत. त्याच्या जागी सोडियम बसले की कण विखुरतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते.

म्हणून मणी धुतलेले खारे पाणी पिकाला, ओढ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडू नये. मऊ केलेले पाणीही पिकाला देऊ नये. खारे पाणी पक्क्या उथळ हौदात उन्हाने आटवावे. ग्रामपंचायतीने यंत्र मंजूर करतानाच हे पाणी कोठे जाणार, ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

चोपण जमिनीला जिप्सम घालतात, तोही आयन विनिमयच. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकून लावते. मात्रा माती तपासूनच ठरवावी, आणि आधी चर काढावा. वाट नसेल तर हुसकलेले सोडियम शेतातच मुक्काम करील.