स्क्रीन रीडर बदलताना : अंध व्यक्ती आणि तिचे कुटुंब यांच्यासाठी

काचबिंदू, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार, रातांधळेपणाने सुरू होऊन हळूहळू दृष्टी हिरावून नेणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा किंवा एखादा अपघात, अशा कोणत्याही कारणाने दृष्टी गेली तरी शिक्षण आणि नोकरी संपली असे समजण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा 'स्क्रीन रीडर' आज अनेक अंध व्यक्तींच्या हाताशी आहे. त्याच्या आधाराने कोणी बँकेत काम करते, कोणी कायद्याचा अभ्यास करते, कोणी घरचे वीजबिल भरते.

मात्र स्क्रीन रीडर एकच नाही. एकावरून दुसऱ्यावर जाण्याची वेळ अनेकांवर कधी ना कधी येते. घरातील डोळस मंडळींना वाटते, आवाजच तर बदलायचा आहे, त्यात काय एवढे? त्यामुळे या काळातील चिडचिड, डोकेदुखी आणि उडालेली झोप यांचे कारण घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या एका अंध बँक कर्मचाऱ्याशी मी सविस्तर बोललो, तेव्हा कळले की कार्यालयाने पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा स्क्रीन रीडर बदलला होता. पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला आता तास लागत होता आणि 'आपली नोकरी टिकेल ना' या विचाराने रात्र सरत नव्हती. त्यांना झोपेच्या गोळीपेक्षा शिकण्यासाठी थोडा अवधी मिळणे अधिक गरजेचे होते.

बदल का करावा लागतो?

'जॉज' हा स्क्रीन रीडर 1989 मध्ये अमेरिकेत तयार झाला. त्याचे जनक टेड हेंटर यांची दृष्टी 1978 मध्ये मोटार अपघातात गेली होती. जॉज अतिशय समर्थ आहे, पण तो विकत घ्यावा लागतो. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए'चे काम सुरू केले. तो विनामूल्य आहे. विंडोजमध्ये 'नॅरेटर' मुळातच असतो. अ‍ॅपलच्या संगणकांवर आणि फोनवर 'व्हॉइसओव्हर' असतो, तर अँड्रॉइड फोनवर 'टॉकबॅक'.

परवान्याचा खर्च झेपत नाही, नव्या कार्यालयात वेगळा स्क्रीन रीडर असतो किंवा एखादे काम एकात अडते आणि दुसऱ्यात सुरळीत होते, ही बदलाची नेहमीची कारणे. कधी निवडीला वावच नसतो. 'विंडो-आइज' हा एके काळी जॉजशी स्पर्धा करणारा स्क्रीन रीडर 2017 मध्ये बंद झाला आणि वर्षानुवर्षे त्यावर काम केलेल्यांना दुसरा शिकणे भाग पडले.

सवय बोटांत असते

अंध व्यक्ती माउस वापरत नाही. तिचे सारे काम कळफलकावरील बटणांच्या जोड्यांनी चालते आणि या जोड्या विचार न करता बोटांतून उमटू लागल्या की कामाला गती येते. स्वयंपाकघरातील सगळे डबे कोणीतरी रात्रीतून हलवले, तर सकाळी चहा करायला किती वेळ लागेल याची कल्पना करावी. स्क्रीन रीडर बदलणे हे असे असते.

त्यातही काही डबे जुन्याच जागी असल्यामुळे घोटाळा वाढतो. 'इन्सर्ट' आणि खालचा बाण दाबल्यावर पुढचा मजकूर सलग वाचला जाणे, 'एच' दाबल्यावर वेबपानावरील पुढच्या शीर्षकाकडे जाणे, या गोष्टी जॉज आणि एनव्हीडीए या दोहोंत सारख्या आहेत. परंतु 'इन्सर्ट' व 'स्पेस' एकत्र दाबले, तर एनव्हीडीएमध्ये वाचनाच्या स्थितीतून टंकलेखनाच्या स्थितीत जाता येते. जॉजमध्ये हीच जोडी एका वेगळ्याच, टप्प्याटप्प्याने द्यायच्या आज्ञेची पहिली पायरी असते. वाचनाची स्थिती चालू राहिली आणि अर्ज भरताना 'एच' दाबला, तर ते अक्षर उमटतच नाही. वाचन मात्र दुसऱ्याच शीर्षकावर जाऊन पोहोचते. ही गफलत बुद्धीची नसून सवयीची आहे, हे त्या व्यक्तीने आणि कुटुंबाने प्रथम समजून घ्यावे.

बदल कसा करावा?

दीर्घकाळ चाललेले औषध बदलताना आम्ही डॉक्टर शक्य तेथे सावकाश जातो आणि रुग्णावर लक्ष ठेवतो. तेच धोरण येथे उपयोगी पडते.

• नवा स्क्रीन रीडर अंगवळणी पडेपर्यंत जुना संगणकावरून काढू नये. तातडीचे काम जुन्यावर करावे आणि रोज अर्धा तास नव्याचा सराव करावा. परीक्षा किंवा बँकेचा मार्चअखेर अशा काळात बदल टाळावा.

• दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि आज्ञांचा गोंधळ होतो. जॉज 'इन्सर्ट' व 'एफ 4'ने बंद होतो. एनव्हीडीए सहसा 'कंट्रोल', 'ऑल्ट' व 'एन'ने सुरू होतो आणि 'इन्सर्ट' व 'क्यू'ने बंद होतो.

• दोन्ही मुके झाले तर घाबरू नये. 'विंडोज', 'कंट्रोल' व 'एंटर' एकत्र दाबल्यास नॅरेटर बोलू लागतो. हा प्रथमोपचार घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

• पहिल्या आठवड्यात आठ-दहाच आज्ञा पक्क्या कराव्यात. आवाजाची गती कमी ठेवावी. जुन्या आवाजावर भरधाव ऐकणाऱ्या कानालाही नवा आवाज उमगायला काही दिवस लागतात.

• विकत घेण्यापूर्वी जॉज वापरून पाहता येतो. परवाना नसल्यास तो एका वेळी 40 मिनिटे चालतो आणि मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

• मराठी वाचनाची चाचणी अवश्य घ्यावी. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या 'ईस्पीक' आवाजात मराठीची सोय आहे. उच्चार यांत्रिक वाटतात, पण सरावाने समजतात. मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटमधील मराठी कोणताही स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरांसारखी वाचतो.

कान, बोटे आणि मन

वयोमानानुसार येणारा बहिरेपणा प्रथम उंच पट्टीच्या ध्वनींवर परिणाम करतो, त्यामुळे व्यंजने अस्पष्ट ऐकू येतात. अशा वेळी आवाज मोठा करत जाण्यापेक्षा अधिक स्पष्ट आवाज निवडावा, गती उतरवावी आणि श्रवणतपासणी करून घ्यावी. अंध व्यक्तीसाठी कान हेच वाचनाचे साधन असल्याने दिवसभर हेडफोन लावताना अधूनमधून विश्रांती घ्यावी.

मधुमेहात बोटांची संवेदना मंदावू शकते. मग ब्रेल वाचणे कठीण जाते आणि बटणेही चुकतात. 'एफ' आणि 'जे' या बटणांवर उंचवटे असतातच. नव्याने लागणाऱ्या बटणांवरही लहान उठावदार टिकल्या चिकटवाव्यात. थोडी दृष्टी शिल्लक असलेली व्यक्ती सवयीने पडद्याकडे झुकते आणि मान आखडते. तिने ताठ बसून कानांवर विसंबायला शिकावे. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना भेटावे.

घरच्यांसाठी

मदत म्हणून कळफलक ओढून घेऊ नका. 'तिथे वर, निळ्या चौकटीत' असे सांगण्याऐवजी बटणाचे नाव सांगा. स्क्रीन रीडर बोलत असताना मध्येच बोलू नका. न विचारता संगणकात कोणताही बदल करू नका. पत्राचे छायाचित्र पाठवण्याऐवजी मजकूर टाइप करून पाठवा.

प्रशिक्षणासाठी संस्थांची मदत घेण्यात संकोच नसावा. 1952 मध्ये मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि मुंबईच्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे साधनकेंद्र या क्षेत्रात काम करतात. अनुभवी अंध मित्राने शेजारी बसून शिकवणे हाही उत्तम मार्ग आहे.

कार्यालयात बदल होणार असेल, तर सरावासाठी मुदत आणि तोवर जुना स्क्रीन रीडर ठेवण्याची परवानगी लेखी मागावी. यात कमीपणा मुळीच नाही. नव्या चष्म्याला डोळा सरावेपर्यंत आपण चार दिवस देतोच. येथे कान आणि बोटे या दोघांना सरावायचे आहे, म्हणून काही आठवडे द्यावेत.