तीन महिन्यांचे धान्य घरात आले, ते टिकवायचे कसे?

2025 च्या पावसाळ्याआधी जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे रेशन एकदम देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला महिन्याला 25 किलो आणि तीन महिन्यांचे 75 किलो. धान्य फुकट, पण कामथडीपासून वेल्ह्यापर्यंतच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात 75 किलो ठेवायचे कुठे, आणि भर पावसात टिकवायचे कसे?

भोर-वेल्ह्याची हवा आषाढ-श्रावणात भिजल्या कापडासारखी असते. धान्याचा खरा शत्रू ओल. ओलीवर बुरशी येते, आणि ओल व ऊब मिळाली की सोंडेही वाढतात. म्हणून गहू भरण्याआधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला की वाळला समजा. मात्र ऊन लागलेला गहू गरम असतानाच पिंपात भरू नये. आत घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. रात्रभर निवू द्या. तांदूळ मात्र उन्हात घालू नये, त्याचे तुकडे पडतात. तो सावलीत पसरावा.

रेशनच्या तांदळात काही वेळा काही दाणे वेगळेच दिसतात, पाण्यावर तरंगतात. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते वेचून टाकतात. ते प्लॅस्टिक नाही. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले ते दाणे शंभरात एक या प्रमाणात मिसळलेले असतात. टाकू नका.

पिंप भिंतीला चिकटवून ठेवू नये, खाली विटा आणि फळी असावी. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घालावा. डाळीला एरंडेलाचा हात फिरवला की भुंगा लागत नाही, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. जुने संपवून, पिंप पुसून, वाळवून मगच नवे भरावे.

पोत्याने घेतले की स्वस्त पडते हे खरे, पण हिशोब पुरा मांडावा. समजा किलोमागे 4 रुपये सुटले, तर 50 किलोमागे 200 वाचले. त्यातले 45 रुपये भावाचे 5 किलो किडले की 225 गेले! शेंगदाण्याला बुरशी आली असेल तर निवडून, भाजून खाऊ नये. तिचे विष भाजल्याने पुरते जात नाही. तेवढे नुकसान सोसावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. धान्यात टाकायला कोणी सल्फासची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी देऊ केली तर ती घरात आणूच नका. हवेतल्या ओलीने तिच्यातून विषारी वायू सुटतो. एका खोलीत धान्य आणि माणसे दोन्ही असली, तर रात्रीत अख्खे घर संपू शकते. या विषावर उतारा नाही. ती सर्वसामान्यांना विकायला कायद्याने बंदी आहे, तरी कुठे कुठे मिळते. सोंडे परवडले, चाळता तरी येतात.

ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी रवा, बेसन, डाळ अशी थोडी वस्तू घट्ट पिशवीत बांधून चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. चांगल्या थंडीत किडीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर आत दव धरते. जानेवारीत मटार स्वस्त झाला की सोलून दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकावा, गार पाण्यात काढावा, पुसून एका वेळेपुरत्या पिशव्या कराव्यात. सुकट-बोंबील पुन्हा ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. फ्रीजमध्ये ठेवायचेच तर दुहेरी पिशवीत, नाहीतर उद्या दुधालाही वास! लाईट गेली की फ्रीज उघडझाक करू नये. पाघळलेली वस्तू पुन्हा गोठवू नये, त्याच दिवशी शिजवून टाकावी.