कळक की मानवेल? बदलापूरच्या डोंगरांतील रानबांबूची ओळख

बदलापूर आणि अंबरनाथच्या आसपासच्या डोंगरांत कुणी न लावता वाढलेला बांबू मुख्यतः दोन जातींचा असतो: कळक आणि मानवेल. एकीकडे मलंगगडापासून चंदेरीवरून माथेरानकडे गेलेली रांग, दुसरीकडे बारवी धरणाभोवतीचे जंगल. दोन्हीकडे साग, ऐन, किंजळ, पळस अशा पानगळीच्या झाडांमध्ये या बांबूंची बेटे दिसतात. उल्हासनगरच्या वस्तीत रान उरलेले नाही. तिथे बांबू भेटतो तो वखारीत उभा करून ठेवलेला, नाहीतर नव्या इमारतीच्या परांचीला बांधलेला. पाने, फांद्या आणि आवरणे गेलेल्या अशा काठीवरून जात सांगणे कठीण असते. उभ्या बेटाची ओळख पटवणे त्या मानाने सोपे आहे, पण बेटाचा कोणता भाग आणि कोणत्या महिन्यात पाहायचा हे माहीत असावे लागते.

बांबू हे गवत आहे. जगात बांबूच्या सोळाशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात सव्वाशेहून अधिक. एरवी वनस्पतीची जात ठरते ती फुलावरून, आणि बांबूच्या बाबतीत नेमकी तिथेच अडचण येते. कळकासारखा बांबू एकदा फुलला की पुन्हा फुलायला साधारण चाळीस-पन्नास वर्षे जातात. पानांवरूनही फारसे काही कळत नाही. लांब, टोकदार, समांतर शिरांची ही पाने बहुतेक जातींत सारखीच असतात. शिवाय एकाच जातीची पाने कोरड्या उतारावर बोटभर आणि ओलसर जागी वीतभर होतात. मोबाईलवर पानाचा फोटो काढून जात विचारणाऱ्याला जे उत्तर मिळते, त्यावर म्हणूनच विसंबू नये.

फुलांची उणीव भरून काढते ते कोंबाचे आवरण. पावसाळा स्थिरावला की बेटाच्या कडेने जमिनीतून कोंब वर येतात. कोंब जेवढा जाड निघतो तेवढीच पुढे काठीची जाडी राहते. झाडाच्या खोडासारखा बांबू वर्षागणिक जाड होत नाही. दोन-तीन महिन्यांत काठी पूर्ण उंची गाठते आणि पुढची दोन-तीन वर्षे नुसती आतून कठीण होत जाते. वाढत्या कोंबाच्या प्रत्येक गाठीवर एक चिवट, कागदी-चामड्यासारखे आवरण असते. ते वरच्या कोवळ्या पेराला गुंडाळून धरते आणि पेर टणक झाले की सुटून पडते. आवरणाचा आकार, रंग, पाठीवरची लव, टोकाला असलेले त्रिकोणी पाते, पाते आणि आवरण यांच्या सांध्यावरची आतली बारीक पट्टी आणि दोन्ही बाजूंचे कानासारखे भाग, हे सगळे जातीजातीत वेगळे असते. बुंध्याजवळची आवरणे आखूड आणि रुंद, तर शेंड्याकडची अरुंद असतात. त्यामुळे तुलना करायची तर एकाच उंचीवरची घ्यावी लागतात, आणि अभ्यासक बहुधा पाचव्या गाठीच्या आसपासचे आवरण निवडतात. जुलै अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ही आवरणे कोंबावर ताजी मिळतात. दिवाळीनंतर ती बेटाच्या बुडाशी पडलेली सापडतात, पण तोवर रंग उडालेला आणि लव झडलेली असते.

कळक ओळखायला आवरणापर्यंत जावेच लागते असे नाही. बेटाच्या खालच्या भागात काट्यांची जाळी दिसली की निम्मे काम झाले. खालच्या गाठींतून तारेसारख्या लांब, जवळजवळ बिनपानांच्या फांद्या आडव्या निघतात आणि एकमेकींत गुंततात. त्यांच्या पेरापेरावर दोन किंवा तीन वाकडे काटे असतात, त्यांतला मधला सर्वांत लांब. या जाळीतून आतली काठी तोडून बाहेर काढणे फार जिकिरीचे काम आहे, त्यामुळे जुनी बेटे आतून दाटलेली आणि अर्धी वाळलेली राहतात. ओढ्याकाठची, दरीतली, खोल मातीची जागा कळकाला मानवते. तिथे काठ्या पंधरा ते पंचवीस मीटर उंच जातात आणि जाडीला दहा ते अठरा सेंटीमीटर भरतात. रंग चकचकीत हिरवा, आतून पोकळ पण भिंत जाड, आणि अगदी खालच्या गाठींवर मुळांचे बारीक धागे. कोवळे आवरण नारिंगी-पिवळसर असून त्यावर काळसर लव दिसते, आणि टोकाच्या त्रिकोणी पात्याच्या आतल्या अंगाला काळ्या राठ केसांचा दाट थर असतो. तो बोटाला बोचतो. ही खूण या जातीत सहसा चुकत नाही.

कळकाचे शास्त्रीय नाव बांबुसा बांबोस. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या बांबूला नाव दिले तेव्हा तो नळासारख्या गवतांच्या गटात घातला होता. आजचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ फॉस याच्या १८९६ मधल्या मांडणीतून आलेले आहे.

मानवेल दिसायला साधी, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिला काटे नसतात. मुरमाड, पाणी न साठणारा, उन्हात तापणारा उतार तिला चालतो, आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पातळ मातीचा थर असला तरी तिचे भागते. उंची साधारण आठ ते सोळा मीटर, जाडी अडीच ते आठ सेंटीमीटर. नव्या काठीवर राखट-पांढरी भुकटी असते, ती बोटाने पुसली जाते. जुनी काठी मळकट हिरवी किंवा पिवळी होते. निम्म्या उंचीनंतर काठ्या बाहेर झुकतात आणि गाठी फुगीर असतात. आवरणाच्या पाठीवर सोनेरी-तपकिरी राठ लव असते, पण फार कोरड्या जागी ती जवळजवळ नाहीशी होते. सांध्यावरचे कान या जातीत अगदी लहान असतात किंवा नसतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये मानवेलीची पाने पिवळी पडून गळतात. त्या दिवसांत समोरचा डोंगर पाहिला तर ओढ्याच्या रेषेवर हिरवट राहिलेली झुबकेदार बेटे बहुधा कळकाची आणि वरच्या उतारावरची फिकट, विरळ बेटे मानवेलीची असतात. लांबून केलेला हा अंदाज जवळ जाऊन पडताळावाच लागतो.

मानवेलीची खरी खूण काठीच्या कापलेल्या तोंडात आहे. खालचे पेर आडवे कापले तर ते भरीव निघते, किंवा मध्ये पेन्सिल जाईल एवढीच पोकळी दिसते. पोलिसांची लाठी याच बांबूची होत असे, ती या भरीवपणामुळे. हे लक्षण वखारीतल्या काठीवरही तपासता येते. मात्र ओलसर, सुपीक जागेतली मानवेल बरीच पोकळ निघू शकते, म्हणून एकट्या या खुणेवर निवाडा करू नये. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचे वर्णन केले. पुढे १८३४ मध्ये नीस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आजच्या गटात आणले आणि तिचे नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असे झाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू मुख्यतः हाच.

भरीव काठीमुळे गोंधळ होतो तो माणग्याशी. माणगा सिंधुदुर्ग, गोवा आणि कोल्हापूरकडे बांधावर लावतात. कोल्हापूरकडे त्यालाच मेस म्हणतात. तोही बिनकाट्याचा आणि भरीव असतो, पण त्याच्या काठ्या सरळ व एकमेकींपासून सुट्या उभ्या राहतात, आणि खालच्या अर्ध्या भागात फांद्या जवळजवळ नसतात. बदलापूरच्या एखाद्या शेतघरात माणगा दिसला तर तो लावलेला आहे असेच धरावे. सह्याद्रीतला चिवा उंचीला कमी आणि बारीक असतो, कोवळ्या काठीवर पिवळसर-तपकिरी लव असते. त्याच्या फुलांतले पुंकेसर एकमेकांना चिकटून नळी होते, तर मानवेलीचे सहाही पुंकेसर सुटे असतात. गृहसंकुलांच्या कुंपणाला दिसणारा हिरव्या रेघांचा पिवळा बांबू बागेतला आहे. रानातल्या यादीत तो घालू नये. कुडाच्या भिंतीतली बारीक काठी बांबूची समजली जाते, पण या भागात ती बहुतेक वेळा कारवीची असते. कारवीही काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलते, पण ती गवत नव्हे आणि तिच्या काठीला बांबूसारखी पेरे नसतात.

फूल मिळालेच तर शंका राहत नाही. मानवेलीची फुले काटेरी दिसणाऱ्या गोल गेंदांत येतात. गेंद अडीच ते पाच सेंटीमीटरचा असतो आणि असे अनेक गेंद लांब, बिनपानी फांदीवर अंतराअंतराने ओवलेले असतात. कळकाचा फुलोरा अवाढव्य असतो. अख्खी काठी पाने टाकून फुलोरा बनते, आणि त्यावरचे झुपके मानवेलीइतके घट्ट व गोल नसतात. मानवेलीचे एखादे सुटे बेट जवळपास दर वर्षी कुठे ना कुठे फुलते, त्यामुळे शोधणाऱ्याला फूल मिळण्याची आशा तिथे जास्त. कळक मात्र मोठ्या टापूत एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. १८६४ मध्ये कारवार भागातल्या सुप्याच्या जंगलात बांबू असा फुलला तेव्हा धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून बी गोळा करायला आलेल्या लोकांची संख्या सुमारे ५०,००० असावी, असा त्या वेळचा अंदाज आहे. पावसाळ्याची बेगमी होईल एवढे बी घेऊन लोक परतले, काहींनी ते विकलेही. हे बी भातासारखे शिजवून खातात. त्याच्या मागोमाग उंदरांचे पीक येते. मिझोराममध्ये १९५९ आणि २००७ च्या सुमाराला एका वेगळ्या जातीच्या बांबूच्या फुलोऱ्यानंतर उंदरांनी शेते फस्त केली होती.

पावसाळ्यात ठाकूर आणि कातकरी स्त्रिया स्टेशनाबाहेर रानभाज्या घेऊन बसतात, तेव्हा कधी कधी शेवळे आणि कंटोळ्यांच्या शेजारी बांबूचे कोंबही असतात. त्यांना शिंद म्हणतात, काही भागांत वास्ते. सोललेल्या कोंबावरून जात सांगता येत नाही. आवरणासकट आणलेला जाड कोंब काळ्या लवेचा असेल तर तो कळकाचा. कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असल्याने तो बारीक चिरून, पाण्यात ठेवून, उकळून आणि ते पाणी टाकून देऊनच भाजी करतात. खुडलेल्या प्रत्येक कोंबामागे बेटाची एक काठी कमी होते हेही खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या हे कोंब काढणाऱ्यांना कोणता ठेवायचा ते चांगले कळते. बेटाची नासाडी बहुधा ओली, कोवळी काठी सरसकट तोडणाऱ्यांकडून होते.

अभ्यासासाठी नमुना जमवायचा तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, पण जंगलातल्या बांबूला ती सूट नाही. नमुन्यात पाचव्या गाठीजवळचे आवरण न दुमडता ठेवावे. ते दाबून सपाट केले की फुटते, म्हणून जाड कागदात बांधलेले बरे. त्याच्यासोबत पानांची फांदी, फांद्या फुटलेल्या गाठीचा तुकडा आणि मधल्या पेराचा आडवा काप घ्यावा. बेट दाट की सुटे, काटे आहेत का, नव्या काठीवरच्या भुकटीचा आणि आवरणाचा ताजा रंग कोणता, पेराची लांबी आणि जाडी किती, जागा ओढ्याकाठची की उतारावरची, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे लागते, कारण वाळलेल्या नमुन्यात यातले फारसे काही उरत नाही. ताडून पाहायला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. एथेलबर्ट ब्लॅटर या जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्याला आहे, आणि भारतीय बांबूंच्या नावांची फेरतपासणी त्यानेही केली होती. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे. तिथल्या जुन्या नमुन्यांतही कित्येकदा नुसती पानांची फांदीच असते, त्यामुळे आवरण असलेला नवा नमुना दोन्हीकडे उपयोगी पडतो.