भिंत जिथली, चित्रही तिथलंच

मंडईजवळ आज जिथे आर्यन पार्किंग आहे, तिथे 1915 साली आर्यन सिनेमा हे पुण्यातलं पहिलं पक्कं चित्रपटगृह सुरू झालं. तिकीट काढून, खुर्चीत बसून, दारं बंद करून चित्रं बघायची सवय आपल्याला तिथून लागली. त्याआधी चित्रंच माणसांकडे येत. पिंगुळीचे चित्रकथी पोथी बगलेत मारून गावोगाव हिंडत आणि एकेक चित्र पुढे धरून आख्यान लावत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ तर ल्युमिएर बंधूंचा सिनेमा 1896 मध्ये मुंबईत पोहोचण्याआधीच सुरू झाली होती. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडत आणि काचा बदलत गेल्या की ती हलल्यासारखी भासत. पुढे ट्रकवर तंबू आणि प्रोजेक्टर लादून जत्रा गाठणारा तंबू सिनेमा आला. त्याच्या अखेरच्या दिवसांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे उघड्यावरच्या, फिरत्या व्हिडिओ-कला प्रदर्शनाची कल्पना. ऐकायला परदेशी वाटतं, पण त्यासाठी लागणारा प्रेक्षक आपल्याकडे कधीचाच तयार आहे. गणपतीत हलते देखावे बघायला मध्यरात्री पेठांतून पायी फिरणाऱ्या शहराला रस्त्यात थांबून चित्र बघायला वेगळं शिकवावं लागणार नाही.

सिनेमात गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावी लागते. व्हिडिओ-कलेत बहुधा तशी अट नसते. चित्रफीत फिरत राहते, येणारा-जाणारा हवं तेव्हा थांबतो, हवं तेव्हा निघतो. उघड्यावर आणली की ती जिथे दाखवायची ती भिंतही कलाकृतीचा भाग होते. क्रिस्तॉफ वोदिच्को या कलावंतानं 1999 मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या घुमटाच्या पायथ्याशी, नदीच्या बांधावर, माणसांच्या हातांची चित्रं टाकली. सोबत बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांचे आवाज होते. तीच फीत दुसऱ्या शहरातल्या दालनात लावली तर निम्मा अर्थ गळून जाईल. आपल्याकडे 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगणारे चेहरे मुठेच्या घाटावर, पाणी चढलं त्या भिंतींवर दिसले, तर तिथेही ती भिंतच निम्मा अर्थ सांगेल.

तंत्राचं गणित अंधारावर चालतं. घरगुती प्रोजेक्टरचा दोन-तीन हजार ल्युमेनचा उजेड रस्त्यावर फिका पडतो. इमारतीची दर्शनी बाजू भरायची तर वीस हजारांच्या आसपास ल्युमेन लागतात आणि जवळचे पथदिवे मालवावे लागतात. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सात वाजतात. ध्वनिक्षेपक एरवी दहाला बंद करावे लागतात. म्हणून अशा प्रदर्शनाला दिवाळीनंतरचे थंडीचे महिने सोयीचे.

मात्र खरी अडचण तंत्राची नाही. ‘पुणेरी’ म्हटलं की वाडा, पगडी आणि मिसळ एवढंच दाखवायची खोड आपल्याला जडली आहे. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे इथल्या माणसांचं पुणं त्या चौकटीत कुठे बसतं? तिथे आधी शेत होतं, मग प्लॉट पडले, मग टॉवर उभे राहिले, आणि पाण्याचा टँकर मात्र चुकला नाही. जानेवारी 2017 च्या पुणे बिएनालेनं रोजच्या वापरातल्या जागा हाच विषय घेतला होता. ती वाट पुढे न्यायला हवी. प्रदर्शन फिरतं असण्याचा खरा उपयोग तिथेच आहे. वाघोलीची फीत मंडईत दिसावी, मंडईची वाघोलीत, आणि प्रत्येक मुक्कामी तिथल्या लोकांनी टिपलेली चार चित्रं भर म्हणून पुढच्या मुक्कामाला जावीत. एकच तयार संच गावोगाव दाखवत सुटायचं, तर ती नुसती जाहिरात होते.

गणेश मंडळांकडे मांडव आहेत, वीजजोडणीचा अनुभव आहे, गर्दी आवरणारे कार्यकर्ते आहेत. महापालिकेकडे उद्यानं आणि शाळांच्या लांबलचक भिंती आहेत. आणि चित्रं? ती आपल्याच कपाटांत आहेत. लग्नं, विसर्जन मिरवणुका, पाडण्याआधीचे वाडे, शेतातली शेवटची सुगी, असं सारं व्हीएचएस कॅसेटवर पडून आहे. दमट हवेत त्या फितींना बुरशी धरते आणि त्या चालवणारे व्हीसीआर जगात 2016 नंतर बनलेलेच नाहीत. तेव्हा येत्या सुटीत माळ्यावरची खोकी खाली काढा, फिती डिजिटल करून घ्या, आणि प्रत्येकीवर गाव, गल्ली आणि साल लिहून ठेवा.