संशोधनाचे विषय रुग्णांना विचारून ठरावेत

पेठ वडगाव परिसरातील कोणाही शेतकऱ्याला ‘८६०३२’ हा आकडा कशाचा, असे विचारले तर तो तत्काळ उत्तर देईल. को-८६०३२ ही उसाची जात कोइमतूरच्या पैदास केंद्रात जन्माला आली, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात तिची पारख झाली आणि १९९६ नंतर ती महाराष्ट्रभर पसरली. ऊस उत्पादकाला काय हवे, उतारा किती हवा, खोडवा कसा यावयास हवा, हे प्रश्न संशोधकांपर्यंत पोहोचविण्याची वाट या भागात पूर्वीच तयार झालेली आहे. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरी येथे स्वतःची संशोधन संस्था उभारली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. सभासद कारखाने तिला वर्गणी देतात. साहजिकच, आमच्या रानातील अडचणीचे काय झाले, असे तिला विचारण्याचा अधिकारही त्यांना पोहोचतो.

याच शेतकऱ्याचे गुडघे दुखत असतात, घरातल्या कोणाला तरी मधुमेह असतो, आणि उसाचा पाला काढताना पायाखाली घोणस येईल ही धास्ती तर बारमाही असते. परंतु या दुखण्यांवर कोठे, कोणते संशोधन चालू आहे आणि ते कोणी ठरविले, हे त्याला सांगता येणार नाही. उसाच्या रोगाविषयी ज्याला मत आहे, त्याला स्वतःच्या रोगाविषयीच्या संशोधनात मत नाही. हा दोष त्याच्या अज्ञानाचा नसून व्यवस्थेचा आहे, आणि म्हणूनच तो दूर करता येण्याजोगा आहे.

गरज आणि मागणी

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद केला जातो. गरजेच्या पाठीशी खरेदी करण्याची ऐपत उभी राहिली, की तिची मागणी होते; आणि बाजारपेठ केवळ मागणीच ऐकते. औषध कंपन्या आपल्या भागधारकांचा पैसा संशोधनात घालतात, तेव्हा त्यांचे लक्ष जेथे किंमत मिळेल तेथेच जाते. त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. आफ्रिकेतील अनेक विषारी सापांच्या दंशावर उपयुक्त असलेले फाव-आफ्रिक नावाचे प्रतिविष सनोफी पाश्चर या कंपनीने २०१४ मध्ये बनविणे थांबविले. साप कमी झाले नव्हते आणि दंशही थांबले नव्हते. ज्यांना दंश होत होता त्यांच्यापाशी पैसा नव्हता, एवढेच.

बाजारपेठ जेथे अपुरी पडते तेथे शासनाने पुढे यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आपल्याकडे १९११ साली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली व १९४९ मध्ये तिचीच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद झाली. परिषदेचे कार्य मोठे आहे. तथापि सरकारी पैशाने कोणता प्रश्न हाती घ्यावयाचा, हे बहुतांशी तज्ज्ञच तज्ज्ञांना विचारून ठरवितात. ज्याच्यासाठी हे सारे चालते, तो रुग्ण या चर्चेत नसतो. वस्तुतः या देशातील आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च २०२१-२२ साली लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. खर्चाचा एवढा मोठा वाटा उचलणाऱ्याला संशोधनाच्या दिशेविषयी एक शब्दही बोलता येऊ नये, हे हिशेबात बसत नाही.

महाडचा धडा

रुग्णाच्या दारातून निघालेला प्रश्न किती दूर जाऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोकणात तांबड्या विंचवाचा दंश हे पिढ्यान्‌पिढ्यांचे मरण होते. विंचू उतरविणारे मांत्रिक गावोगाव होते, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत या दंशावर भरवशाचा उपाय नव्हता. महाड परिसरात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली. दंशानंतर हृदयावर काय परिणाम होतो व फुप्फुसात पाणी कसे साठते, याविषयीचे त्यांचे टिपण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. गंभीर दंश झालेल्या रुग्णांत पूर्वी चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक दगावत. ते प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथेच ७० रुग्णांवर चाचणी घेतली. प्रॅझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण कितीतरी लवकर बरा होतो, हे तीत सिद्ध झाले.

या कामात भव्य प्रयोगशाळा नव्हती, की कोट्यवधींचे अनुदान नव्हते. प्रश्न मात्र खरा होता. विंचू चावतो तो भाताच्या पेंढ्यात हात घालणाऱ्याला, अनवाणी चालणाऱ्याला. मोठ्या शहरातल्या संशोधन समितीसमोर हा विषय कदाचित कधी आलाच नसता.

गडचिरोलीची सुनावणी

महाडमध्ये रुग्णाचा प्रश्न एका डॉक्टरने हेरला; गडचिरोलीत तो लोकांनाच विचारण्यात आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आरंभी त्यांनी आदिवासींतील सिकलसेल या रक्तदोषाची पाहणी केली. शास्त्रीय दृष्ट्या विषय महत्त्वाचा होता. परंतु ज्यांचे रक्त तपासले, त्या लोकांनी तो मागितलेला नव्हता, हे पुढे स्वतः डॉ. बंग यांनीच सांगितले आहे. त्यानंतर लोकांना विचारून विषय ठरविण्याची रीत तेथे पडली. आदिवासींची आरोग्य संसद भरू लागली व मलेरियासारखे प्रश्न तीत पुढे आले. रुग्णालयाचे रूपही लोकांच्या सांगण्यावरून ठरले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना जवळ राहता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले; म्हणून ते पाड्यासारखे, झोपड्या-झोपड्यांचे बांधण्यात आले.

खेड्यातील स्त्रिया डॉ. राणी बंग यांच्याशी अंगावरून जाणे, कंबरदुखी, ओटीपोटातील वेदना यांविषयी बोलत. तोवर खेड्यातल्या स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच शासनाचा व संशोधकांचा समज होता. गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाला एका नव्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. पुढे अर्भके घरातच दगावतात, तर उपचारही घरातच पोहोचले पाहिजेत, या विचाराने गावातल्या स्त्रियांना शिकवून चाचणी घेण्यात आली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

न विचारलेले प्रश्न

विचारण्याचे फळ एवढे असेल, तर न विचारण्याची किंमतही मोजली पाहिजे. गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात येतात आणि फडाजवळ त्यांच्या खोप्या पडतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मजुरी बुडते, फडात संडास नाही, पाणी नाही, आणि अंगावरचे दुखणे तसेच चालू राहते. अशा स्थितीत शस्त्रक्रियेस दिलेल्या होकाराला निवड म्हणणे कठीण आहे. गडचिरोलीच्या निष्कर्षांना तेव्हा ३० वर्षे झाली होती. या स्त्रियांना कोणते उपचार पेलतील, शस्त्रक्रियेऐवजी काय करता येईल, हा प्रश्न त्या काळात त्यांच्या खोपीपर्यंत जाऊन किती जणांनी विचारला?

सर्पदंशाचेही असेच आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मरणारे बहुतेक खेड्यातले आहेत. लोक जिला सापाची लस म्हणतात ते प्रतिविष घोड्यांना विष टोचून तयार करण्याची पद्धत १८९० च्या दशकातली. तिच्यात मूलभूत असा फरक पडलेला नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष त्यासाठी मुख्यत्वे तामिळनाडूतील इरुळा गारुड्यांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते व त्यामुळे हे प्रतिविष काही ठिकाणी कमी प्रभावी ठरते, हे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. तेव्हा वारणाकाठच्या उसातल्या घोणशीवर ते कितपत चालते, हा प्रश्न येथील शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला २०१७ मध्ये दुर्लक्षित रोगांत अग्रक्रम दिला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट स्वागतार्ह आहे, परंतु दंश झालेल्यांचे अनुभव ऐकल्यावाचून ते गाठता येईल असे वाटत नाही.

काही आक्षेप

रुग्णाला शास्त्र कळत नाही, तो चमत्काराची मागणी करील, असा एक आक्षेप घेतला जातो. ब्रिटनचा अनुभव तसा नाही. तेथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्स या उपक्रमात रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे नातलग आणि डॉक्टर एकत्र बसून एकेका रोगाविषयीचे अनुत्तरित प्रश्न गोळा करतात व त्यांतून पहिले दहा निवडतात. त्यापूर्वी २००० साली गुडघ्याच्या संधिवाताविषयी तेथे झालेल्या एका अभ्यासात संशोधनाचा भर औषधांवर, तर रुग्णांना हवी असलेली उत्तरे व्यायामोपचार, शस्त्रक्रिया आणि दुखण्यासह जगण्याचे शिक्षण यांविषयी, असा फरक आढळला होता. ही मागणी चमत्काराची खासच नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूलभूत शास्त्र फर्माइशीने निर्माण होत नाही. प्रॅझोसिन हे काही महाडच्या रुग्णांच्या मागणीवरून शोधले गेले नव्हते. रक्तदाबावरील संशोधनातून ते आधीच हाती आले होते. म्हणून सगळाच निधी रुग्णांच्या कौलावर सोपवावा, असे कोणी म्हणणार नाही. तिसरी अडचण बहुमताची आहे. हजारांत एखाद्याच घरात असणारा दुर्मीळ आजार मतदानात कधीच निवडून येणार नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते, ते संख्या मोजून नव्हे तर न्याय पाहूनच. तेव्हा डोकी मोजणे पुरेसे होणार नाही. दुखण्याची तीव्रता आणि दुखणेकऱ्याची असहायता हीही तोलावी लागेल.

शिवाय विषय ठरविण्यात रुग्णाचा सहभाग आला, म्हणून चाचणीतील त्याच्या संमतीचे महत्त्व उणावत नाही. २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी समजून-उमजून दिलेली संमती, नैतिकता समितीची देखरेख आणि नुकसानभरपाई यांची तरतूद केली आहे. ते संरक्षण आहे. सहभाग ही त्यापुढची पायरी होय.

आरंभ कोठून करावा

यासाठी नव्या महामंडळाची आवश्यकता नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्याचा विषय आज विद्यार्थी व मार्गदर्शक ठरवितात. कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्यात रुग्ण, आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि ग्रामीण भागातील डॉक्टर यांची बैठक घेऊन प्रश्नांची यादी करावी, आणि काही प्रबंध तरी त्या यादीतून निवडले जातील असे पाहावे. हातकणंगले तालुक्याची बैठक वडगावात भरली, तर तीत उसातला साप येईल, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कापसाचा धूर येईल, हुपरीच्या चांदी कारागिराची छाती येईल. निष्कर्ष हाती आल्यावर ते त्याच बैठकीत, मराठीतून, सांगितले गेले पाहिजेत.

पैशाचीही वाट काढता येईल. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते, आणि सार्वजनिक संस्थांमधील वैद्यकीय संशोधनाला ती देता येते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे शासनाने ठरविले आहे. त्यातील काही पैसे या कामगारांनीच सुचविलेल्या आरोग्यविषयक संशोधनाकडे वळविले, तर उसासाठी सहकाराने जे केले ते ऊस तोडणाऱ्यांसाठीही करता येईल. राज्य शासनाने पुढील गळीत हंगामापूर्वी एका जिल्ह्यात तरी हा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे. लागेल तो ऐकून घेण्याचा निश्चय.