खिशातला फोन आणि शिवारातली नोंद

कपाशीच्या शेतात कीड सर्वेक्षणासाठी गेलेल्या कार्यकर्त्याच्या हाती आज वहीऐवजी स्मार्टफोन असतो. सापळ्यातील पतंग मोजायचे, आकडा भरायचा, फोन शर्टाच्या खिशात टाकायचा आणि पुढच्या सापळ्याकडे वळायचे, असा त्याचा क्रम असतो. बोंडे तपासण्यासाठी तो वाकतो, घामाने ओला झालेला खिसा पडद्यावर घासला जातो आणि त्याच्या नकळत फोनचे काम सुरू होते. कधी एखाद्याला फोन लागतो, कधी टॉर्च पेटून बॅटरी उतरते. क्वचित उघड्या राहिलेल्या तक्त्यातील आकडाच बदलतो.

या शेवटच्या शक्यतेकडे गांभीर्याने पाहावयास हवे. समजा, शेंदरी बोंडअळीच्या पाच कामगंध सापळ्यांत एका रात्री अनुक्रमे ३, ४, २, ५ आणि ३ पतंग सापडले. सरासरी ३.४ येते. शेवटचा ३ हा आकडा खिशातील स्पर्शाने ३३ झाला, तर सरासरी थेट ९.४ वर जाते. सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. म्हणजे एका रात्रीपुरता का होईना, धोक्याचा निकष कागदावर ओलांडला जातो. अशा नोंदीवर विसंबून विनाकारण फवारणी झाली, तर खर्च वाया जातोच. शिवाय ढालकिडे आणि क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक मरून पांढऱ्या माशीसारख्या रसशोषक किडींना मोकळे रान मिळते. उलट एखादा आकडा पुसला गेला, तर खरा प्रादुर्भाव नजरेआड होतो. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केल्यानंतर अशा नोंदींचे महत्त्व वाढले आहे.

पडदा फसतो कसा?

आजच्या फोनचा पडदा दाबाने नव्हे, तर विद्युतधारकतेतील बदलाने स्पर्श ओळखतो. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची सूक्ष्म जाळी असते. मानवी शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणची धारकता बदलते आणि फोन त्याला आज्ञा समजतो. कोरडे, जाड कापड विद्युतरोधक असल्याने अडसर ठरते. मात्र पातळ सुती कापड घामाने भिजले की त्वचा आणि काच यांतील हा अडसर जवळजवळ नाहीसा होतो. पावसाचे थेंबही असाच गोंधळ उडवू शकतात. पावसाळ्यात फोन पातळ प्लॅस्टिक पिशवीत ठेवण्याची पद्धत पाण्यापासून रक्षण करते. पण त्या पिशवीतूनही स्पर्श चालतो, हे विसरू नये.

निसर्गाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटकभक्षी वनस्पती पानावरील संवेदी केसाला एकदा धक्का लागल्याने मिटत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला, तरच सापळा बंद होतो. पावसाचा थेंब आणि किडा यांतील फरक ती या अटीने ओळखते. फोनच्या कुलपाचे तत्त्वही हेच आहे: एका स्पर्शावर विश्वास न ठेवता दुसरी खूण मागणे.

फोनमधील व्यवस्था

पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे फोन खिशात टाकण्यापूर्वी बाजूचे बटण दाबून पडदा बंद करणे. त्यासोबत पिन किंवा बोटाच्या ठशाचे कुलूप असावे आणि पडदा आपोआप बंद होण्याचा अवधी तीस सेकंदांपर्यंत आणावा.

दुसरा उपाय म्हणजे पडदा जागा करणाऱ्या सुविधा शेतात बंद ठेवणे. दोनदा टिचकी मारल्यावर किंवा फोन उचलल्यावर पडदा उजळण्याची सोय घरात सुखाची असते. वाकून काम करणाऱ्याच्या खिशात ती त्रासदायक ठरते.

तिसरा उपाय म्हणजे खिसा ओळखणारी व्यवस्था सुरू करणे. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये 'डिस्प्ले' विभागात 'अ‍ॅक्सिडेंटल टच प्रोटेक्शन' हा पर्याय असतो. इतर काही फोनमध्ये तो 'पॉकेट मोड' या नावाने आढळतो. पुढच्या कॅमेऱ्याजवळील संवेदक झाकला गेला, की ही व्यवस्था पडद्यावरील स्पर्श अडवते. म्हणून तो भाग धूळ, घाम व चुकीच्या बसवलेल्या स्क्रीन गार्डपासून मोकळा असावा. जाड गार्डसाठी स्पर्शाची संवेदनशीलता वाढवणारा पर्याय सुरू केला असल्यास चुकीच्या स्पर्शांची शक्यताही वाढते.

आपत्कालीन कॉलची दक्षता

कुलूप असले तरी आपत्कालीन कॉल रोखला जात नाही आणि तो रोखला जाऊही नये. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये बाजूचे बटण पाच वेळा झटपट दाबल्यास ही सेवा सुरू होते. साध्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यासही तसा कॉल जाऊ शकतो. घट्ट खिशात किल्ल्या, भिंग आणि फोन एकत्र ठेवल्यास बटण वारंवार दाबले जाते. ११२ वर चुकून कॉल लागलाच, तर तो घाईने तोडू नये. चुकून लागल्याचे शांतपणे सांगावे, म्हणजे मदत यंत्रणेचा वेळ वाचतो. शेतात एकट्याने काम करणाऱ्यास साप चावल्यास किंवा विषबाधा झाल्यास हीच सोय जीव वाचवू शकते. म्हणून ती कायमची बंद करण्यापेक्षा बटण दाबले जाणार नाही अशी फोनची जागा निवडणे शहाणपणाचे.

शिवारातील शिस्त

फोनसाठी स्वतंत्र, कोरडा खिसा किंवा कमरेची पिशवी ठेवावी. पडदा झाकणारे पुस्तकासारखे कव्हर वापरल्यास ओले कापड थेट काचेला लागत नाही. फवारणी करताना फोन अंगावर न ठेवता बांधावरच्या बंद पिशवीत ठेवावा; हातमोज्यांवरील कीटकनाशक पडद्यावर आणि तेथून चेहऱ्यापर्यंत पोहोचते.

नोंदीसाठी तीन पायऱ्या पुरेशा आहेत. प्रत्येक सापळ्याचा आकडा भरताच तो जतन करावा, तक्ता बंद करावा आणि मगच फोन खिशात जावा. शेत सोडण्यापूर्वी बांधावर थांबून सर्व आकडे एकदा वाचावेत. शेजारच्या सापळ्यांपेक्षा एखादा आकडा कित्येक पटींनी वेगळा दिसला, तर तो सापळा पुन्हा पाहावा. ३ आणि ३३ यांतील फरक कार्यालयात बसून ठरवता येत नाही. सापळा समोर असेपर्यंत मात्र तो एका मिनिटात ठरतो.